बोरटेकडीची पहिली चोरी

गेल्या अकरा वर्षांत बोरटेकडी, तालुका पाथर्डी, या गावात एकही चोरी झालेली नाही, ही बाब गेल्या वर्षीच्या जुलैत एका वरिष्ठ बैठकीत निदर्शनास आली आणि तिची गंभीर दखल घेण्यात आली.

दखल घेण्यासारखंच होतं म्हणा. बोरटेकडीत एकसष्ट घरं. त्यांतली त्रेचाळीस दसरा झाला की ऊसतोडीला निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की एप्रिलमध्ये परततात. म्हणजे वर्षातले सहा महिने गावात त्रेचाळीस कुलुपं, थोडी म्हातारी माणसं, बऱ्याच शेळ्या आणि मी. इतक्या अनुकूल परिस्थितीतही चोरी होत नाही याचे दोनच अर्थ निघतात. एकतर गावात चोरण्यासारखं काही नाही, नाहीतर गाव माहिती दडवतंय. पहिला अर्थ काढला असता तर गावासाठी काहीतरी करावं लागलं असतं. म्हणून सर्वानुमते दुसरा काढण्यात आला.

मी शमुवेल गायकवाड. बोरटेकडीच्या जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक. राहतो भिंगारला, रोज मोटारसायकलवर पन्नास किलोमीटर जातो आणि तेवढंच येतो. मतदारयाद्या करणं, संडास मोजणं, जनावरं मोजणं, मोजलेले संडास वापरात आहेत का ते सकाळी जाऊन पाहणं, ही माझी मुख्य कामं. उरलेल्या वेळात शिकवतो. त्यामुळे 'सुरक्षा तंत्रज्ञान संशोधनातून प्रादेशिक आर्थिक विकास' या पथदर्शी प्रकल्पासाठी बोरटेकडीची निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा स्थानिक समन्वयक कोण, हे पत्र न उघडताच मला कळलं होतं.

प्रकल्प घेऊन आले ते डॉक्टर आर. हरी. मूळचे शेवगावकडचे रामहरी, पण पुण्यात संशोधन करता करता नावातला राम तेवढा कमी झाला होता. शाळेच्या भिंतीवर त्यांनी चित्रं पाडली. पहिल्या चित्रात एक कॅमेरा होता, दुसऱ्यात वर जाणारा बाण, तिसऱ्यात हसणारा शेतकरी. पहिल्यावरून तिसऱ्यावर कसं जायचं ते बाणात आलं होतं.

"तुमच्या गावाची सर्वांत मोठी साधनसंपत्ती कोणती?" त्यांनी विचारलं.

"कोयता," अजिनाथ म्हणाला. तो आणि त्याची बायको सुकन्या बारा वर्षं ऊस तोडतात.

"नाही. रिकामी घरं." डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. "सलग सहा महिने कुलूपबंद राहणारी त्रेचाळीस घरं एका जागी, महाराष्ट्रात दुसरीकडे मला मिळणार नाहीत. जिथे सुरक्षा तिथे गुंतवणूक, जिथे गुंतवणूक तिथे रोजगार. मग तुम्हाला ऊस तोडायला जावंच लागणार नाही."

"मंग घरं रिकामी कशी ऱ्हात्याल?" सुकन्येने विचारलं.

हा मुद्दा दुसऱ्या टप्प्यात घेऊ, असं डॉक्टर म्हणाले.

मागे बसलेल्या लंकाबाईने तोंडातली मिसरी पुसली. "पर सायेब, हितं चोरी तर व्हत न्हाई."

"हीच तर अडचण आहे मावशी. चोरी होत नाही, त्यामुळे ती थांबवता येत नाही. आणि थांबवता आली नाही तर तंत्रज्ञान यशस्वी झालं हे सिद्ध कसं करायचं?"

सरपंच आबासाहेबांनी पाण्याचा विषय काढून पाहिला. गावाला वर्षातले आठ महिने टँकर लागतो आणि त्यांतले पाच महिने तो येत नाही. डॉक्टरांनी शांतपणे उलट विचारलं, "पाणी आलं आणि चोरीला गेलं तर?" पाणी चोरीला गेलेलं गावात कोणी पाहिलं नव्हतं, आणि आलेलंही फारसं नाही.

आबासाहेबांचा विरोध तिथेच संपला. त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. हिवरे बाजार बघायला गाड्या भरभरून माणसं येतात, टिपणं घेतात, सरपंचाबरोबर फोटो काढतात. बोरटेकडीत रस्ता चुकलेलंही कोणी येत नाही. बाहेर पडल्यावर ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, त्यांच्याकडं दावायला पानी हाय. आपल्याकडं काय हाय? आपल्याकडं कुलपं हायेत. तीच दावू."

आता लंकाबाईविषयी सांगतो, कारण त्या कुलपांचा कारभार तिच्याकडे होता. पासष्टीची विधवा बाई. तीस वर्षं ऊस तोडला, मग कंबर गेली आणि ती गावात राहिली. दसऱ्यानंतर टेम्पोत बसायच्या आधी प्रत्येक बाई आपल्या घराची किल्ली तिच्या हातात द्यायची. लंकाबाई त्या बाईच्याच जुन्या लुगड्याची चिंधी किल्लीला बांधायची आणि घरातल्या खिळ्यांवर किल्ल्या टांगायची. तिला लिहितावाचता येत नाही, त्यामुळे चूक होत नसे. दर आठवड्याला एकेक घर उघडायचं, झाडायचं, बाजरी उपसून ऊन दाखवायचं, उंदरांचं बघायचं, अमावास्येला देवापुढे दिवा लावायचा. बदल्यात परतलेलं प्रत्येक घर तिला पायली-दोन पायली बाजरी द्यायचं. त्यावर तिचं वर्ष निघायचं. शाळेची किल्लीही तिच्याकडेच असे. माझी बायको कृपा हिच्या जुन्या साडीची हिरवी चिंधी त्या किल्लीला होती. अकरा वर्षं चोरी का झाली नाही, याचं एवढंच कारण होतं. पण कारण म्हणून ते फार साधं होतं आणि त्यासाठी अनुदान मिळत नव्हतं.

प्रकल्पाची सुरुवात सर्वेक्षणाने झाली. अडतीस प्रश्न, एकसष्ट घरं, गणक मी. सतराव्या प्रश्नावर डॉक्टरांचा विशेष भर होता: आपणास शेजाऱ्यापासून धोका वाटतो काय? उत्तराचे पर्याय तीन. फार, बऱ्यापैकी, अद्याप नाही. सगळ्या एकसष्ट घरांनी तिसऱ्यावर खूण केली. मला वाटलं प्रकल्प बारगळला. डॉक्टर मात्र कागद पाहून खूश झाले.

"अद्याप," ते म्हणाले. "शब्द लक्षात घ्या सर. शंभर टक्के लोकांना पुढे धोका वाटण्याची शक्यता आहे. एवढा वाव मी कुठे पाहिला नव्हता."

मग कुलुपं बदलली. त्रेचाळीस घरांची जुनी कुलुपं काढून पोत्यात भरली आणि त्यांच्या प्रत्येक दारावर एक काळी डबी बसली. छपरावर सौरपट्टी, डबीत कॅमेरा. दारासमोर उभं राहायचं, डबीने चेहरा ओळखला की दार उघडायचं. नुसत्या विरळ लाकडी फळ्यांच्या दारांवरही ती डबी बसली. फळीतून हात घालून आतली कडी काढता येत होती, पण तसं करणारा गावात कोणी नसल्याने ती बाब अहवालात आली नाही.

चेहरे नोंदवायचं काम शाळेत झालं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. इथे गावाकडून एक चूक झाली आणि ती दुसऱ्या कोणत्या गावाकडून झाली नसती. फोटो काढायचा आहे म्हटल्यावर लोक फोटो काढायला आले. अजिनाथने दाढी केली, मिशीला काळं लावलं, भावाचा चष्मा आणला. सुकन्येने पावडर लावली, ठेवणीतली साडी नेसली आणि नाकात शेजारणीची नथ घातली. तीच नथ त्या दिवशी सत्तावीस बायकांच्या नाकात गेली. सहा महिने घरची भाकर खाल्लेली, गालांवर थोडं मांस आलेली माणसं ओळीने यंत्रापुढे उभी राहिली. एकटी लंकाबाई होती तशी आली. पावडर पुढे केली तर म्हणाली, "माझं थोबाड हाय तसंच हाय." घरं झाडायला आणि डब्यांवरची धूळ पुसायला कोणीतरी लागणारच होतं, म्हणून तिचा चेहरा त्रेचाळीसही दारांवर नोंदवला. पद: देखभाल प्रतिनिधी. मानधन: मानद. प्रकल्पाने निर्माण केलेला तो पहिला रोजगार.

दसरा झाला, टेम्पो भरले आणि गाव गेलं. लंकाबाईच्या भिंतीवरचे खिळे पहिल्यांदाच रिकामे राहिले.

उद्घाटन डिसेंबरात झालं, कारण साहेबांची तारीख तेव्हा मिळाली. लाभार्थी सगळे उसाच्या फडात होते, म्हणून शाळेतली उरलेली अकरा मुलं चार वेळा जागा बदलून बसवली आणि फोटोत गर्दी भरली. आबासाहेबांना हिवरे बाजारसारखं जलपूजन हवंच होतं. सुरक्षा प्रकल्पात जलपूजन कशाला, हे विचारायची ती वेळ नव्हती. साहेबांची गाडी फाट्यावर आली होती आणि मी काढलेली शाळेची प्लॅस्टिकची बादली आबासाहेबांनी नापास केली होती. मी लंकाबाईकडे धावलो. तिने एका घराचं दार उघडून पितळी हंडा माझ्या हातात दिला. त्यात विकतच्या बाटल्यांचं पाणी ओतलं, आंब्याची पानं ठेवली, साहेबांनी फूल वाहिलं. भाषणात साहेब म्हणाले की आता बोरटेकडीतला प्रत्येक माणूस सुरक्षित आहे. टाळ्या अकरा मुलांनी वाजवल्या. नंतर खुर्च्या, सतरंज्या, शाली, नारळ, सगळं उचलून शाळेच्या कपाटात आणि कपाटामागे कोंबलं.

जानेवारीत डॉक्टरांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"सर, अभिनंदन. घटना सापडली. एकच व्यक्ती, त्रेचाळीस घरं, दर आठवड्याला. एका घरात सरासरी वीस मिनिटं. बाहेर येताना कधी कधी हातात सुपासारखं काहीतरी असतं."

"डॉक्टर, सूपच असतं. त्या लंकाबाई आहेत. बाजरीला ऊन दाखवतात. तुम्हीच त्यांना नेमलंय."

"मी ते नाकारत नाहीये. पण यंत्राला हेतू दिसत नाही. यंत्राला फक्त असं दिसतं की ही बाई दुसऱ्यांच्या घरांत शिरते."

"मग त्यांना बंद करता का?"

"छे, छे. संशयिताला रोखलं तर आकडेवारी खंडित होते. त्यांना जाऊ द्या. नियमित जाऊ द्या."

त्या दिवशी मी लंकाबाईच्या ओट्यावर टेकलो. ती कोणाच्या तरी बाजरीतले खडे वेचत होती.

"मावशी, यंत्रात तुमचं नाव आलंय."

"कशापायी?"

"तुम्ही सगळ्यांच्या घरांत जाता म्हणून."

तिने खडा बाजूला टाकला. "न्हाई गेले तर किडं पडत्याल की. सुकन्याच्या घरात तर उंदरानं वाकळच कुरतडली हुती, परवा शिवली म्या." मग म्हणाली, "गुर्जी, तुमी सांगा की त्येला. म्हनावं, ती आपली हाय."

मी म्हणालो, सांगतो. सांगितलं मात्र नाही. माझा बदलीचा अर्ज तेव्हा वर गेला होता. नऊ वर्षांनी भिंगारच्या जवळची शाळा मिळण्याची शक्यता होती आणि अर्जाबरोबर प्रकल्पातल्या उल्लेखनीय कार्याचं प्रमाणपत्र लागणार होतं. प्रमाणपत्र डॉक्टर देणार होते.

मार्चअखेर अहवाल गेला. गुन्ह्यांची कोणतीही नोंद नसलेल्या गावात अवघ्या चोवीस आठवड्यांत एक हजार बत्तीस संशयास्पद प्रवेश शोधण्यात यश आलं होतं. वाढ टक्क्यांत देता आली नाही, कारण शून्याने भागता येत नाही. तिथे 'अमर्याद' असं लिहिलं. आर्थिक विकासाच्या रकान्यातही मजकूर होता. आबासाहेबांचा पुतण्या राम याने पाथर्डीत कॅमेऱ्यांचं दुकान टाकलं होतं आणि गावात राहिलेल्या अठरा घरांपैकी अकरांनी त्याच्याकडून हप्त्यावर कॅमेरे घेतले होते. ज्यांची घरं उघडी होती त्यांना आता ती उघडी असल्याची काळजी वाटू लागली होती. छबूबाईने तर कॅमेरा शेळीच्या खुंट्याकडे लावून घेतला आणि दिवसभर मोबाईलमध्ये शेळी बघत बसायची. शेळी समोरच असायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टेम्पो परतले.

अजिनाथ पहिला उतरला. सहा महिने उसाच्या फडात उन्हातान्हात राबून माणूस जसा होतो तसा झाला होता. काळा ठिक्कर, गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, उसाच्या पाचटाने कपाळावर ओरखडे. तो दारापुढे उभा राहिला. डबीत हिरवा दिवा लागला, लाल झाला आणि एक बाई शुद्ध पुणेरी आवाजात म्हणाली, "साम्य एकतीस टक्के. आपण अनोळखी व्यक्ती आहात. कृपया दारापासून दूर व्हा."

अजिनाथने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

सुकन्या पुढे झाली. अठ्ठावीस टक्के. तिच्या सहा वर्षांच्या मुलीचे दोन दात पडले होते. ती एकोणीसवर आली. संध्याकाळपर्यंत गावात त्रेचाळीस दारांतून तीच बाई तेच सांगत होती. एकाने फळीतून हात घातला, दुसऱ्याने चिडून डबीवर दगड घातला, तर भोंगा वाजला आणि ती दोन्ही दारं बहात्तर तासांसाठी पूर्ण बंद झाली.

मी डॉक्टरांना फोन लावला. पुन्हा नोंदणी करता येईल, ते म्हणाले, अर्ज भरा. अर्जात एक अट होती: फोटो अर्जदाराच्या राहत्या घरात, आतून काढलेला असावा.

"ते आत जाऊ शकत नाहीत, डॉक्टर."

"मग ते तिथे राहतात हे कशावरून?"

लंकाबाईला उभी करून दारं उघडावी, असं मी सुचवलं. ते त्यांनी साफ नाकारलं. संशयिताच्या मदतीने दार उघडणं म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ, असं म्हणून त्यांनी पुण्यातूनच तिचा चेहरा सगळ्या दारांवर तात्पुरता बंद केला.

तेव्हा बोरटेकडीने जे येत होतं ते केलं. टेम्पोत बांबू होते, ताडपत्र्या होत्या. कारखान्यावर सहा महिने ज्या कोप्यांत काढले तशाच कोप्या प्रत्येकाने आपापल्या घरासमोर ठोकल्या आणि तीन दगड मांडून चूल पेटवली. लंकाबाई घरोघरच्या कोप्यांत पाणी पोचवत फिरत होती आणि कोणाच्या बाजरीची काय हालत आहे ते सांगत होती. तिसऱ्या दिवशी प्रकल्पाची एक मुलगी पुण्याहून येऊन कोप्या मोजून गेली. पुढे मी तो परिच्छेद वाचला. त्यात म्हटलं होतं की कालपर्यंत जिथून मजूर बाहेर जात त्या गावात आता एकशे बहात्तर स्थलांतरित मजूर वास्तव्यास आले असून, सुरक्षित वातावरणामुळे रोजगाराचा ओघ उलटा फिरल्याचं हे द्योतक आहे.

पाचव्या दिवशी दोन पोरांना ऊन लागलं. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. आबासाहेबांनी डॉक्टरांना सरळ सांगितलं, "सायेब, मतदार कोपीत बसल्यात. आज दारं उघडली न्हाईत तर मी तुमच्या डब्या इहिरीत टाकीन." विहीर कोरडी होती, पण डॉक्टर आले आणि त्यांनी लंकाबाईचा चेहरा पुन्हा चालू केला. आणि संशयिताला तपासात सहकार्य करण्याची लेखी विनंती करून लंकाबाईला प्रकल्पाच्या जीपमध्ये बसवण्यात आलं.

त्रेचाळीस दारं. प्रत्येक दारापुढे लंकाबाई उतरायची, पदर सारखा करायची, डबीकडे बघायची. "साम्य नव्याण्णव टक्के. स्वागत आहे." दार उघडायचं. घराचे मालक तिच्या मागून आत जायचे. आत सारवलेलं होतं, बाजरी राखलेली होती, देवापुढे ताजी वात होती. एकदोन बायका रडल्या. लंकाबाई हसून म्हणाली, "रडता काय गं, मी हाय की." एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं.

सुकन्या आत गेली आणि थोड्या वेळाने उंबऱ्यावर आली.

"हंडा न्हाई," ती म्हणाली. "आईनं लग्नात दिल्याला पितळी हंडा. चुलीम्हागं पालथा ठिवला हुता."

सगळ्यांनी लंकाबाईकडे पाहिलं. लंकाबाईने माझ्याकडे पाहिलं, एकदाच, आणि मग खाली मान घातली. मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हातातल्या पडद्याकडे पाहत होते. "नमुना सिद्ध झाला," ते हळूच म्हणाले.

मग बाकीच्यांनाही आठवू लागलं. एकीच्या डब्यातली डाळ कमी वाटत होती. एकाच्या खुंटीवरची दोरी आखूड झाली होती. एका म्हातारीला तीन वर्षांपूर्वीचा अडकित्ता आठवला. जी माणसं पाच दिवस घराबाहेर उन्हात बसली होती त्यांना यंत्रावर राग धरता येत नव्हता, कारण यंत्र पुण्याचं होतं. लंकाबाई गावातलीच होती.

संध्याकाळी शाळेत ग्रामसभा भरली. इतिवृत्त लिहायला मी होतो. माझ्या पाठीमागे कपाट होतं.

"लंका, हंडा तू नेला का?" आबासाहेबांनी विचारलं.

"म्या न्हाई नेला."

"मंग कोनी नेला? दार तर तुझ्याबिगर उघडत न्हाई."

लंकाबाईने पदर सारखा केला.

"तुला ठावं आसंल तर सांग की, मावशे," सुकन्या म्हणाली. "हंड्याचं जाऊंदे. तू नेला न्हाईस, एवढं तरी कळू दे."

"मला ठावं हाय," लंकाबाई म्हणाली. "पर ज्येचं त्येनं सांगावं. मी कुनाच्या पोटावर पाय देनार न्हाई."

ती थांबली. ती माझ्यासाठी थांबली होती, हे तिथे दोघांनाच माहीत होतं. कपाट हातभर अंतरावर होतं. उठून एक वाक्य बोलायचं होतं. पण डॉक्टर पहिल्या ओळीत बसले होते, प्रमाणपत्रावर त्यांची सही व्हायची होती, आणि प्रकल्पाची एकुलती एक खरी चोरी समन्वयकाच्या कपाटामागे सापडली असती तर नऊ वर्षांची वाट फुकट गेली असती. मी पेन उचललं आणि इतिवृत्तात लिहिलं: श्रीमती लंकाबाई यांनी समाधानकारक खुलासा दिला नाही.

अक्षर माझं चांगलं आहे. लहानपणापासून त्याची तारीफ होते.

प्रकल्पाला पुढे पुरस्कार मिळाला. दुसऱ्या टप्प्यात आणखी चाळीस गावं घेतली आहेत. बोरटेकडीत सर्वेक्षण पुन्हा झालं. सतराव्या प्रश्नाला साठ घरांनी 'फार' लिहिलं. एका घराने अजूनही 'अद्याप नाही' म्हटलं होतं. ते लंकाबाईचं घर. ही तांत्रिक चूक धरून वगळण्यात आली आणि निकाल शंभर टक्के लागला. बघायला आता गाड्याही येतात. आबासाहेब कुलुपं दाखवतात आणि फोटो काढून घेतात.

यंदा लंकाबाईला कोणी बाजरी दिली नाही. दसऱ्यानंतर टेम्पो भरले तेव्हा पासष्ट वर्षांची ती बाई कंबरेला फडकं घट्ट बांधून, कोयता घेऊन पाठीमागच्या टेम्पोत चढली. चढायच्या आधी शाळेकडे आली. मी खुर्च्या मोजत होतो. माझी बदली झाली होती आणि सामान नव्या मास्तरांच्या ताब्यात द्यायचं होतं. तिने कनवटीतून हिरवी चिंधी काढून टेबलावर ठेवली.

"ही तुमच्या मालकिनीची. शाळंलाबी डबी बसली म्हनं, किल्लीचं काय काम न्हाई आता."

मी मान हलवली.

जाता जाता ती दारात वळली. "हंडा चिंच लावून घासा, गुर्जी. इतक्या दिवसांत काळा पडला आसंल."

हंडा आता भिंगारला माझ्या घरी आहे. शाळेत ठेवता येत नव्हता आणि सुकन्येला देता येत नव्हता. कृपाने चिंच लावून घासला, लखलखीत झालाय. कुणाचा म्हणून विचारते; मी सांगतो, शाळेचा.

तुम्ही मला नावं ठेवाल. खुशाल ठेवा. पण हंड्याचं मी तुमच्यापासून काही लपवलं नव्हतं. लंकाबाईने एका घराचं दार उघडून तो माझ्या हातात दिला, हे उद्घाटनाच्या वेळीच मी लिहून ठेवलं होतं. तरी सुकन्या उंबऱ्यावर येऊन 'हंडा न्हाई' म्हणाली तेव्हा तुम्ही क्षणभर कोणाकडे पाहिलंत? लंकाबाईकडे पाहिलं असेल तर तुमची नोंद झाली आहे. आणि ज्यांना सगळं आठवत होतं ते माझ्यासारखेच गप्प राहून पुढे वाचत गेले. त्यांचीही झाली आहे.